रिकाम्या जागेचा हिशेब

29 ऑगस्ट 2023 रोजी टोयोटाचे जपानमधले चौदाच्या चौदा मोटार-कारखाने बंद पडले. सुट्या भागांच्या ऑर्डरी हाताळणारी संगणकप्रणाली आदल्या दिवशी बिघडली होती आणि त्यापायी 28 असेंब्ली लाइन थांबल्या. मार्च 2022 मध्ये एका पुरवठादार कंपनीवर सायबरहल्ला झाला, तेव्हाही हेच कारखाने एक दिवस बंद ठेवावे लागले होते. साहजिकच याही वेळी संशयाची सुई हॅकरांकडे वळली. 6 सप्टेंबरला कंपनीने खुलासा केला, तेव्हा कारण भलतेच साधे निघाले. सर्व्हरच्या डिस्कवर जागा पुरली नव्हती.

27 ऑगस्टला देखभालीचे नेहमीचे काम निघाले होते. डेटाबेसमध्ये साचलेली माहिती काढून टाकायची आणि आवराआवर करायची, एवढेच. म्हणजे जागा मोकळी करण्याचे काम चालू असतानाच जागा संपली. ऐकणाऱ्याला गंमत वाटेल, पण डेटाबेसवाल्यांना यात नवल वाटत नाही. लाखो नोंदी पुसायच्या तर त्या पुसल्याचीही नोंद करावी लागते. काम मध्येच फसले तर सगळे पूर्ववत करता यावे म्हणून जुन्या नोंदी काही काळ धरून ठेवाव्या लागतात. डेटाबेसमधला पसारा आवरायचा तर तो आधी थोडा वाढतोच. त्यातून टोयोटाचे राखीव सर्व्हरही त्याच प्रणालीवर चालत होते, त्यामुळे तेही त्याच दुखण्याने आडवे झाले. माहिती जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर हलवल्यावर 30 ऑगस्टला उत्पादन पुन्हा सुरू झाले. गोदामे भरून न ठेवता लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल मागवायचा, ही पद्धत जगाला टोयोटानेच शिकवली. अशा कारखान्यात ऑर्डरी अडकल्या की गाड्याही अडकतात.

एवढ्या शिस्तीच्या कंपनीत डिस्क भरत आल्याचे कोणाच्याच लक्षात आले नाही का? हा प्रश्न कोणत्याही मोठ्या डेटा सेंटरला विचारता येईल, आणि ‘कोणी पाहिलेच नाही’ हे त्याचे उत्तर क्वचितच असते. पाहणारे पुष्कळ असतात. फक्त प्रत्येकाला वेगळा आकडा दिसत असतो.

घोळ खरेदीपासूनच सुरू होतो. समजा, एका कंपनीने 16 टेराबाइटच्या 24 डिस्क असलेला स्टोरेज बॉक्स घेतला. खरेदी विभागाच्या फायलीत 384 टेराबाइट अशी नोंद होते आणि पैसेही तेवढ्याचेच मोजले जातात. यातल्या दोन डिस्क राखीव बसून राहतात, एखादी मेली तर तिची जागा घ्यायला. उरलेल्या 22 डिस्कचे अकरा-अकराचे दोन गट करतात. 1988 मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ‘रेड’ या रचनेवरचा निबंध प्रसिद्ध केला. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या आणि त्यातली एखादी गेली तरी माहिती शाबूत राहील अशी सोय करायची, हा तिचा गाभा. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘रेड-6’मध्ये प्रत्येक गटातली दोन डिस्कांएवढी जागा या सोयीसाठी जाते. राहिले 288 टेराबाइट.

इथे एककांचा खेळ सुरू होतो. डिस्क बनवणारा टेराबाइट मोजतो तो दहाच्या पटीत, म्हणजे एकावर बारा शून्ये. बऱ्याच प्रणाली मोजतात दोनच्या पटीत, दोनाचा चाळिसावा घात. 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने दुसऱ्या मापाला टेबिबाइट असे वेगळे नावही दिले, पण बोलताना सगळे टेराबाइटच म्हणतात. मेगाबाइटच्या काळात या दोन मापांतला फरक पाच टक्क्यांच्या आत होता. टेराबाइटला तो दहा टक्क्यांच्या घरात जातो आणि पेटाबाइटला साडेबारा ओलांडतो. आपल्या बॉक्सच्या पडद्यावर म्हणून 262 दिसतात. त्यातले दहा टक्के स्नॅपशॉटसाठी, म्हणजे माहितीच्या त्या-त्या क्षणाच्या प्रतींसाठी, राखून ठेवले की 236 उरतात. ऐंशी टक्क्यांच्या वर भरू द्यायचे नाही, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो, तो पाळला की हाती येतात सुमारे 189. पैसे 384 चे मोजले आणि एकाच मापात धरले तरी वापरायला निम्म्याहून थोडेच जास्त मिळाले. यात कोणीही कोणाला फसवलेले नाही, पण वर्षअखेरीला लेखापरीक्षक ‘बाकीचे कुठे गेले?’ म्हणून विचारतो तेव्हा ही वजाबाकी लिहून ठेवलेला कागद सापडला तर नशीब.

पुढचा घोळ थरांचा. एखाद्या कर्जविभागाच्या डेटाबेसचे उदाहरण घेऊ. डेटाबेस सांभाळणारा सांगतो, 500 जीबीच्या फायली बांधून ठेवल्यात, त्यात माहिती भरली आहे 200 जीबी. सर्व्हरवाल्याच्या दृष्टीने एक टेराबाइटच्या फाइल सिस्टिममधले 500 जीबी संपले, कारण फायली आतून रिकाम्या आहेत हे त्याला दिसत नाही. व्हर्च्युअल मशिनवाल्याने सबंध टेराबाइट वाटून टाकला आहे. स्टोरेजवाल्याच्या वहीत याच कामासाठी दिलेल्या लनची, म्हणजे बॉक्समधून सर्व्हरला तोडून दिलेल्या तुकड्याची, नोंद आहे दोन टेराबाइट. आणि खुद्द बॉक्सने, माहिती दाबून बसवून आणि शून्ये वगळून, प्रत्यक्ष डिस्कवर लिहिले आहेत जेमतेम 120 जीबी. माहिती एकच, आकडे पाच, आणि पाचही खरे. महिन्याच्या बैठकीत ‘आपले स्टोरेज किती टक्के भरले?’ असे साहेब विचारतात, तेव्हा खोलीत क्षणभर जी शांतता पसरते ती अज्ञानाची नसते.

पूर्वी हे इतके गुंतागुंतीचे नव्हते. 1964 साली आयबीएमने सिस्टिम/360 आणली, तिच्या वंशातल्या मेनफ्रेमवर काम टाकताना किती जागा लागेल हे जेसीएल या आज्ञांच्या भाषेत आधीच लिहून द्यावे लागे. आधी इतके सिलिंडर (हे डिस्कवरच्या जागेचे माप), पुरले नाहीत तर आणखी इतके. तेही संपले की काम कोसळे आणि पडद्यावर बी 37 हा संकेत झळके. मुंबई-पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत मेनफ्रेमवर उमेदवारी केलेल्या पिढीला हा आकडा अजून झोपेतून उठवून विचारला तरी आठवेल. त्या शिस्तीला एक वाईट सवय जडली. कोसळण्याच्या भीतीने जो तो दुप्पट-तिप्पट मागून ठेवी. जागा एकाच्या नावावर अडकून राही आणि रिकामी पडे.

यावर उतारा म्हणून आले थिन प्रोव्हिजनिंग. मागणाऱ्याला कागदोपत्री दहा टेराबाइट द्यायचे, पण डिस्कवरची जागा तो प्रत्यक्ष लिहील तेव्हा आणि तेवढीच खर्ची घालायची. लग्नाच्या पत्रिका हजार वाटल्या तरी आचाऱ्याला पाने सहाशेच सांगतात, तसा हा व्यवहार. थ्रीपार नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने या तंत्राचा प्रसार करण्यात आघाडी घेतली. तिची किंमत किती होती, ते 2010 च्या ऑगस्टमध्ये दिसले. डेलने शेअरमागे 18 डॉलर देऊ केले, एचपीने त्यावर चढी बोली लावली, डेलने पुन्हा, एचपीने पुन्हा. शेवटी एचपीने शेअरमागे 33 डॉलर, म्हणजे एकूण सुमारे 235 कोटी डॉलर मोजून कंपनी घेतली.

आचाऱ्याचा अंदाज चुकला तर काय होते ते सांगायला नको. सामायिक साठा संपला की ज्या सर्व्हरला आपल्या पडद्यावर साठ टक्के जागा मोकळी दिसते आहे, त्याचेही लिहिणे थांबते. सर्व्हरवाला म्हणतो माझ्याकडे जागा आहे, स्टोरेजवाला म्हणतो नाही, आणि दोघेही आपापला पडदा दाखवतात. म्हणून थिन प्रोव्हिजनिंग असलेल्या ठिकाणी दोन आकडे शेजारीशेजारी ठेवावेच लागतात: किती कबूल केले आणि खरोखर किती आहे. पहिला दुसऱ्याच्या किती पट जाऊ द्यायचा, हे यंत्र ठरवत नाही. तो त्या संस्थेच्या धाडसाचा प्रश्न आहे.

शिवाय दिलेली जागा परत येतेच असे नाही. सर्व्हरवर फाइल पुसली की फाइल सिस्टिम आपल्या यादीतून फक्त तिचे नाव खोडते. खालच्या स्टोरेज बॉक्सला ही गोष्ट कोणी कळवत नाही, त्याच्या लेखी जागा व्यापलेलीच राहते. ते कळवण्यासाठी अनमॅप नावाची आज्ञा निघाली. व्हर्च्युअल मशिनचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरने 2011 मध्ये आपल्या पाचव्या आवृत्तीत ती आपोआप चालेल अशी व्यवस्था केली, पण तिच्या ओझ्याने काही बॉक्स इतके मंदावले की ती सोय मागे घ्यावी लागली. ती पुन्हा आपोआप चालू लागली 2016 च्या साडेसहाव्या आवृत्तीत. मधल्या पाच वर्षांत जागा परत मिळवायची तर कोणीतरी आठवणीने हाताने आज्ञा द्यायची.

पुसूनही जागा न सुटण्याचा आणखी एक प्रकार नवी मुंबईतल्या महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरांत रात्रपाळी केलेल्या कोणालाही सांगता येईल. पहाटे तीनला अलर्ट येतो, लिनक्स सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली. पाळीवरचा मुलगा शोधतो तर 40 जीबीची एक लॉग फाइल फुगलेली. तो ती उडवतो. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ ही आज्ञा पुन्हा देतो, आकडा शंभरच. डीयू ही दुसरी आज्ञा फायलींची बेरीज करते, ती म्हणते 40 जीबी कमी झाले. दोन्ही आज्ञा बरोबर आहेत. ज्या प्रोग्रामने ती फाइल उघडून ठेवली आहे तो चालू असेपर्यंत लिनक्स तिची जागा सोडत नाही. नाव गेले, पण फाइल आहे. एलएसओएफ ही आज्ञा देऊन अशी पुसलेली पण उघडी फाइल कोणाच्या हातात आहे ते शोधायचे आणि मग तो प्रोग्राम बंद करून सुरू करायचा. पहाटे तीनला कोअर बँकिंगचा प्रोग्राम बंद करायची परवानगी कोण देणार, हा पुढचा प्रश्न. जुने जाणते म्हणून फाइल उडवत नाहीत, जागच्या जागी रिकामी करतात.

जागा मोजताना फायलींची संख्या विसरली जाते, तीही महागात पडते. बऱ्याच फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलमागे आयनोड नावाची एक नोंद लागते आणि या नोंदींची संख्या सुरुवातीलाच ठरलेली असते. लहान लहान फायलींचा पाऊस पडला की डिस्क निम्मी रिकामी असूनही एक नवी फाइल तयार करता येत नाही. या जातीच्या दुखण्याचे सर्वांत दूरचे उदाहरण मंगळावरचे आहे. जानेवारी 2004 मध्ये तिथे उतरलेली नासाची स्पिरिट गाडी अठरा दिवसांतच गप्प झाली. तिच्या फ्लॅश मेमरीत, वाटेतल्या सात महिन्यांच्या प्रवासातल्या धरून, इतक्या फायली साचल्या होत्या की त्यांची यादी सांभाळायला मुख्य मेमरी पुरेना. संगणक सुरू होई, यादी वाचायला घेई आणि पुन्हा बंद पडे, असे साठाहून अधिक वेळा झाले. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी फ्लॅशला हात न लावता संगणक सुरू करायची आज्ञा पाठवली, फायली काढल्या आणि गाडी पुढे सहा वर्षे चालली.

तेव्हा नुसते ‘किती टक्के’ विचारून भागत नाही. दोन डिस्क 85 टक्के भरल्या आहेत असे धरा. एक 100 टेराबाइटची, तिच्यावर जुने दप्तर आहे, त्यात रोज दहा जीबीची भर पडते. उरलेले पंधरा टेराबाइट चार वर्षे पुरतील. दुसरी 500 जीबीची, त्यावर महिनाअखेरीचे व्याज आकारण्याचे काम तासाला पाच जीबी लिहिते. तिच्याकडे पंधरा तास आहेत. दोन्ही पडद्यावर सारख्याच पिवळ्या. म्हणून जाणती मंडळी टक्क्यांऐवजी उरलेले दिवस मोजतात. अर्थात दिवस मोजायलाही मागचा इतिहास लागतो, आणि वाढ सरळ रेषेत होत नाही. एखादे विलीनीकरण, एखादे स्थलांतर, तपासासाठी ठेवायला सांगितलेली एखादी जादा प्रत आली की रेष पायरीसारखी वर उडी घेते. अशा उड्यांची खबर आलेखातून मिळत नाही, ती चहाच्या टपरीवर शेजारच्या विभागाकडून मिळते.

दिवस कळले तरी डिस्क लगेच मिळत नाही. मंजुरी, निविदा, वाहतूक, जोडणी यात महिने जातात. 2011 च्या पावसाळ्यात थायलंडमध्ये महापूर आला, वेस्टर्न डिजिटलचे तिथले कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव भडकले. ज्यांच्याकडे तीस दिवसांची जागा उरली होती त्यांना तो अंदाज असून नसल्यासारखाच होता.

भारतात या हिशेबाला कायद्याचे कलम जोडले गेले आहे. रिझर्व्ह बँकेने 6 एप्रिल 2018 रोजी परिपत्रक काढून पैसे देण्याघेण्याच्या प्रणालींची सगळी माहिती देशातच साठवण्याचा आदेश दिला आणि मुदत दिली सहा महिन्यांची. 28 एप्रिल 2022 ला सर्ट-इन या सायबरसुरक्षेच्या सरकारी संस्थेने सर्व संगणकप्रणालींच्या लॉग नोंदी 180 दिवस जपून ठेवणे बंधनकारक केले. वाचायला ही एक ओळ आहे. पण एखादी मोठी बँक दिवसाला दोन टेराबाइट लॉग तयार करत असेल, तर 180 दिवसांचे 360 टेराबाइट झाले, आणि संकटकाळासाठी दुसऱ्या शहरात प्रत ठेवली की 720. त्यात यूपीआयने ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात 2000 कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. चहाच्या दहा रुपयांची नोंदही देणाऱ्याच्या बँकेत, घेणाऱ्याच्या बँकेत आणि मधल्या यंत्रणेत होते, आणि मग त्या प्रत्येक ठिकाणी तिचा बॅकअप होतो.

याहून मोठे साठे अर्थातच आहेत. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने 2023 मध्ये डिस्कवरच्या साठ्याचा दहा लाख टेराबाइटचा टप्पा ओलांडला. त्यासाठी 1,11,000 उपकरणे लागली. पण सर्नचे काम एका अर्थी सोपे आहे. तिथे माहिती कुठून येते आणि कोणाची आहे हे ठाऊक असते.

उद्योगातल्या डेटा सेंटरला नेमके तेच ठाऊक नसते. हिशेब एकत्र करणारी सॉफ्टवेअरे वीस वर्षांपासून आहेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे बॉक्स एका भाषेत बोलावेत म्हणून स्निया या उद्योगसंस्थेने एसएमआय-एस हे मानक केले. एचपीने 2005 मध्ये अ‍ॅपआयक्यू आणि नेटअ‍ॅपने 2008 मध्ये ओनारो या कंपन्या घेतल्या त्या याच कामासाठी. या क्षेत्राशी पुण्याचेही जुने नाते आहे. वेरिटासचे मोठे विकासकेंद्र तिथे होते, 2008 मध्ये ड्रुवा ही बॅकअप कंपनी तिथेच जन्मली, आणि स्टोरेज सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अभियंत्यांची एक पिढीच त्या शहराने घडवली. ही साधने डेटाबेसपासून डिस्कपर्यंतचे थर जोडून दाखवतात आणि ते काम चोख करतात. पण ती आकडे गोळा करतात, मालक शोधून देत नाहीत.

बेवारस लन हा या धंद्यातला कायमचा डोकेदुखीचा विषय आहे. प्रकल्प संपतो, सर्व्हर भंगारात जातो, त्याला दिलेले दोन टेराबाइट मात्र बॉक्सवर तसेच राहतात. नाव असते ‘टेस्ट-2-नवीन’ किंवा ज्याने मागणी केली त्या, आता तिसऱ्याच कंपनीत गेलेल्या, माणसाचे. गेले वर्षभर त्यावर एक अक्षर लिहिले-वाचले गेलेले नाही, हे साधन सांगते. तरी पुसायचे धाडस कोणी करत नाही, आणि ती भीती निराधार नाही.

डिसेंबर 2021 मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर दहा दिवसांहून जुन्या लॉग फायली काढून टाकणारी एक स्क्रिप्ट चालू होती. ती चालू असतानाच तिच्यावर सुधारित आवृत्ती लिहिली गेली. बॅश हा प्रोग्राम स्क्रिप्ट थोडीथोडी वाचत जातो, त्यामुळे अर्ध्यातून पुढे त्याने नवी वाचली, त्यातल्या जागेच्या नावाची किंमत कोरी राहिली आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फायली पुसल्या गेल्या. सुमारे 77 टेराबाइट, 3 कोटी 40 लाखांच्या आसपास फायली. 14 संशोधनगटांना झळ बसली, त्यातल्या चार गटांची माहिती बॅकअपमधूनही परत आणता आली नाही. यंत्रणा पुरवणाऱ्या एचपीईने पूर्ण जबाबदारी आपली असल्याचे मान्य केले. असा प्रसंग एकदा वाचला की बेवारस लनकडे बोट न लावता पुढे जाणारा कर्मचारी भित्रा वाटत नाही.

यावर उपाय आहे, पण तो यंत्रातला नाही. काही कंपन्या विभागांकडून जागेचे भाडे वसूल करतात. काही पैसे घेत नाहीत, पण दर महिन्याला विभागप्रमुखाच्या हाती त्याच्या वापराचे बिल ठेवतात. दुसऱ्या उपायाचाही उपयोग होतो, कारण फुकट मिळालेल्या गोष्टीचा आकडा पहिल्यांदाच कोणाच्या तरी नावासमोर लिहिला जातो. जिथे प्रत्येक लनला मालक आणि मुदत लावलेली असते, तिथे पुसण्याचा निर्णय पहाटे तीनला पाळीवरच्या मुलावर पडत नाही. तेव्हा वाचकांपैकी जे अशा कचेऱ्यांत काम करतात त्यांना एवढेच सांगणे: पुढच्या वेळी नव्या सर्व्हरसाठी स्टोरेजच्या मागणीचा फॉर्म भराल, तेव्हा ‘किती जागा’ लिहिल्यावर ‘किती दिवसांसाठी’ हा रकाना कोरा सोडू नका, आणि तुमच्यानंतर कोणाला विचारायचे त्याचे नावही लिहा.